कमानीवर ‘तंटामुक्त’, पण समिती कुठाय?

कराडहून चिपळूणला निघालेली एसटी पाटण ओलांडून कोयनानगरच्या दिशेने लागली, की खिडकीतून एकेक गाव मागे पडत जातं. अशा गावांच्या कमानींवर ‘तंटामुक्त गाव’ ही अक्षरं तुम्ही कितीदा वाचली असतील. आता खरं सांगा, तुमच्या गावच्या तंटामुक्त समितीत कोण कोण आहे, माहितीय?

१५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती शेजारच्या सांगलीचे आर. आर. आबा गृहमंत्री असताना. बांधाचा, वाटेचा, भावकीचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं ओढण्यापेक्षा गावातच बसून मिटवायचा, ही साधी कल्पना. समिती ग्रामसभेने नेमायची. यशस्वी गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस.

अशा समित्या चालतात का? चालतात. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. कारण तिथे पोलीस आणि लोक दंगलीआधीच एकमेकांना नावाने ओळखत होते. नुसत्या फलकाने हे होत नाही, सतत भेटावं लागतं.

पण दुसरी बाजूही आहे. छेडछाड झालेल्या मुलीला ‘गावाची अब्रू जाईल, मिटवून टाक’ असं सांगितलं गेलं, तर ती समिती कुणाची? कायदा स्पष्ट आहे. तडजोड फक्त कायद्याने तडजोडयोग्य ठरवलेल्या गुन्ह्यांतच होते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली, तर पोलिसांनी एफआयआर नोंदवायलाच हवा, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. ठाण्यातच दाद लागली नाही, तर वरिष्ठांकडे जाता येतं. पोलिसांच्याच गंभीर गैरवर्तनासाठी पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद राज्याने २०१४ मध्ये कायद्यात केली.

मग आपण काय करायचं? वय १८ पूर्ण आणि गावच्या मतदार यादीत नाव असेल, तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी. पुढच्या सभेला जा आणि तीनच प्रश्न विचारा. समितीची शेवटची बैठक कधी झाली? किती तंटे आले, किती मिटले? समितीत बायका आणि तरुण किती?

उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला सांगा. मग कमानीवरच्या अक्षरांना खरा अर्थ येईल.