रेषेतला पराभूत नायक आणि त्याचे पडद्यावरील पुनरागमन : 'द पीनट्स मूव्ही'च्या निमित्ताने

निर्मात्याच्या मृत्यूनंतर एखादी व्यक्तिरेखा नव्या कलाकृतीत अवतरते, तेव्हा नेमके काय पुन्हा जिवंत होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. कर्ण, द्रौपदी यांसारखी पात्रे शतकानुशतके अशा रीतीने नवनवे जन्म घेत आली आहेत. मात्र ती कोणा एका लेखकाची मिळकत नव्हेत. प्रत्येक पिढीने त्यांना आपल्या परीने घडवावे, ही परंपरेचीच अनुज्ञा आहे. विसाव्या शतकातील वृत्तपत्रीय चित्रमालिकांतून बालवाचकांच्या मनात घर केलेल्या पात्रांची स्थिती निराळी आहे. ती एका हातातून, एका विशिष्ट रेषेतून आणि एका विशिष्ट रूपबंधातून जन्मली. तो हात थांबल्यावर त्यांना सहकुटुंब पाहावयाच्या अ‍ॅनिमेशनपटात आणणे हे केवळ माध्यमांतर राहत नाही. त्या पात्राचे पात्रपण कशात आहे, याविषयीचा एक निर्णय त्यात अनुस्यूत असतो. या निर्णयाचे स्वरूप तपासण्यासाठी 'द पीनट्स मूव्ही' (२०१५) हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. या चित्रपटाने बाह्य रूपाबाबत कमालीची निष्ठा पाळली. त्यामुळे आशयाच्या पातळीवर झालेला बदल त्यात अधिक स्पष्टपणे दिसतो.

चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही मालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी अमेरिकेतील सात वृत्तपत्रांतून सुरू झाली. तिचा अखेरचा रविवारचा भाग १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आला. आदल्याच रात्री शुल्झ निवर्तले होते. सुमारे पन्नास वर्षांत १७,८९७ चित्रपट्ट्या त्यांनी स्वतः लिहिल्या आणि रेखाटल्या. आपल्या पश्चात दुसऱ्या कोणी नवी पट्टी काढू नये, ही त्यांची इच्छा पाळली गेली आहे. वृत्तपत्रांत त्यानंतर जुन्याच पट्ट्या पुनर्मुद्रित होत राहिल्या. म्हणजे मूळ माध्यमात ज्याला मज्जाव आहे, ते चित्रपटात मात्र शक्य झाले. दूरचित्रवाणीवर ही पात्रे १९६५ पासून, शुल्झ यांच्या हयातीतच, हालू-बोलू लागली होती आणि १९६९ ते १९८० या काळात त्यांच्यावर चार दीर्घ चित्रपटही निघाले होते, हे त्याचे एक कारण. तिथे नव्या निर्मितीची वाट आधीच पडलेली होती.

या मालिकेचा नायक चार्ली ब्राऊन हा अयशस्वी मुलगा आहे. त्याचा पतंग झाडात अडकतो, त्याचा बेसबॉलचा संघ हरतो, आणि ल्यूसीने जमिनीवर धरलेल्या फुटबॉलला लाथ मारण्यासाठी तो धावत येतो तेव्हा ऐन क्षणी ती चेंडू काढून घेते. हा शेवटचा प्रसंग दरसाल नव्याने येई. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केलेली सपाट आणि सघन पात्रांची विभागणी येथे अपुरी पडते. चार्ली ब्राऊन बदलत नाही, म्हणून तो सपाट म्हणावा. पण दर वेळी त्याच फसवणुकीकडे नव्या युक्तिवादाने वळणारे त्याचे मन सपाट खचितच नाही. उंबर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनविषयी लिहिताना एक महत्त्वाचे सूत्र मांडले होते. मालिकेतील नायकाच्या हातून अपरिवर्तनीय अशी कृती घडली, की त्याचे आयुष्य तेवढ्या प्रमाणात 'खर्च' होते. म्हणून प्रत्येक भाग जणू काल काही घडलेच नाही अशा रीतीने सुरू व्हावा लागतो. सुपरमॅनच्या बाबतीत ही सोय आहे. चार्ली ब्राऊनच्या बाबतीत मात्र या सोयीलाच अर्थ प्राप्त होतो. काल घडलेले तो विसरलेला नसतो, तरीही धावतो. आवर्तन हा येथे केवळ रचनाविशेष नसून तोच आशय आहे.

१९९९ च्या ऑक्टोबरमधील या प्रसंगाचे अखेरचे आवर्तन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ल्यूसीला घरात बोलावणे येते, ती चेंडू धाकट्या भावाच्या हाती देऊन जाते आणि पुढे काय झाले हे तिलाही कळत नाही, वाचकालाही नाही. चार्ली ब्राऊनला यश देणे आणि नाकारणे या दोहोंपैकी काहीही न करता लेखकाने हात मागे घेतला. मराठी कथेच्या अभ्यासकाने शेवटाचा अभ्यास करताना हे चौकटीतले उदाहरण अवश्य पाहावे, असे मला वाटते.

असेच दुसरे मौन लाल केसांच्या छोट्या मुलीविषयीचे. १९६१ पासून चार्ली ब्राऊन तिच्याकडे दुरून पाहत राहतो. पट्टीत ती दिसत नाही. १९९८ मध्ये एकदाच तिची छायाकृती आली, तीही स्नूपीबरोबर नाचताना. १९७७ च्या एका दूरचित्रवाणीपटात तिला चेहरा आणि नावही मिळाले होते, आणि तो शुल्झ यांनीच लिहिला होता, हे नोंदवणे आवश्यक आहे. तथापि पट्टीत त्यांनी ती सवलत घेतली नाही. एकाच लेखकाने दोन माध्यमांना दोन वेगळे कायदे लावले, ही बाब मूळ संहितेशी इमान राखण्याच्या चर्चेत सहसा लक्षात घेतली जात नाही.

आता चित्रपटाकडे वळू. स्टीव्ह मार्टिनो यांचे दिग्दर्शन असलेल्या आणि ब्लू स्काय स्टुडिओने निर्मिलेल्या या चित्रपटाची पटकथा शुल्झ यांचे पुत्र क्रेग, नातू ब्रायन आणि त्यांचे सहलेखक कॉर्नेलियस युलियानो यांनी लिहिली. संगणकावर त्रिमित आकृती घडवताना पहिली अडचण आली ती डोक्याची. शुल्झ यांची पात्रे समोरून आणि बाजूने नीट दिसतात, पण ही दोन्ही रूपे एकाच घन आकारातून निघत नाहीत. नाक, कान, कपाळावरची केसांची वळवळती रेघ यांच्या जागा कोन बदलताच बदलतात. कागदावर हे खपते, कारण चौकटीच्या मधल्या कोऱ्या जागेत पात्र केव्हा वळले हे कोणी पाहत नाही. चित्रपटाला ती मधली जागा भरावी लागते. येथे दिग्दर्शकाने संगणकाच्या सामर्थ्याचा मोह आवरला. पात्रे सावकाश न वळता एका ठरावीक मुद्रेतून दुसरीत झटक्याने जातात. सेकंदाला चोवीस चित्रे सरकत असली तरी मुद्रा सामान्यतः बाराच वेळा बदलते, त्यामुळे हातांनी काढलेल्या चित्रपटातील किंचित अडखळती लय कायम राहते. भुवया, तोंड, डोळ्यांभोवतीच्या चिंतेच्या रेघा या तर गोलाईवर ओढलेल्या लेखणीच्या रेषांसारख्याच ठेवल्या आहेत. १९६५ पासून स्नूपीचे हुंकार देणारे बिल मेलेंडेझ २००८ मध्ये वारले. त्यांचेच जुने ध्वनिमुद्रण येथे वापरले आहे. मोठी माणसे पडद्यावर येत नाहीत आणि शिक्षिकेचा आवाज पूर्वीप्रमाणेच ट्रॉम्बोन या वाद्यातून येतो. दूरध्वनीला तार आहे, स्नूपीपुढे टंकलेखनयंत्र आहे. नव्या पिढीला जवळ करण्यासाठी जुन्या पात्रांच्या हाती नवी उपकरणे देण्याची जी घाई अशा चित्रपटांत आढळते, ती येथे नाही. हा संयम प्रशंसनीय आहे.

परंतु रेषेशी इतके इमान राखणाऱ्या चित्रपटाने कथानकात काय केले? यासाठी त्याची तुलना १९६९ च्या 'अ बॉय नेम्ड चार्ली ब्राऊन'शी करावी. शुल्झ यांनी लिहिलेल्या त्या पहिल्या चित्रपटात चार्ली ब्राऊन स्पेलिंगच्या स्पर्धेत जिंकत जिंकत राष्ट्रीय फेरीपर्यंत पोचतो आणि तिथे 'बीगल' या शब्दावर, म्हणजे स्वतःच्या कुत्र्याच्या जातीवरच, हरतो. परतल्यावर लायनस त्याला एवढेच दाखवून देतो, की तो हरला तरी जग बुडालेले नाही. दीर्घ चित्रपटाला लागणारा चढ लेखकाने वापरला, पण शिखरावर पराभवच ठेवला.

२०१५ च्या चित्रपटातही पराभव पुष्कळ आहेत. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाल्याने शाळेत नावाजला गेलेला चार्ली ब्राऊन, उत्तरपत्रिका आपली नसून पेपरमिंट पॅटीची आहे हे लक्षात येताच, सत्कारसमारंभातच ते सांगून मोकळा होतो. हा या चित्रपटातील सर्वोत्तम प्रसंग होय. तथापि अखेरीस लाल केसांची मुलगी सचेहरा समोर येते, सुटीतील पत्रमैत्रीसाठी आपण त्याला का निवडले हे त्याच्या गुणांची नोंद करून सांगते, आणि सवंगडी त्याला खांद्यावर उचलून घेतात. मूळ मालिकेत चार्ली ब्राऊनचा चांगुलपणा बिनहिशेबी होता. त्याची दखल घेणारे कोणी नव्हते, म्हणूनच तो चांगुलपणा होता. चित्रपटाने त्याचा ताळेबंद मांडला आणि शिल्लक त्याच्या हाती दिली.

याचे खापर पटकथाकारांच्या माथी फोडणे सोपे आहे, पण ते पुरेसे होणार नाही. दररोज चार चौकटींत घडणारी गोष्ट उद्याच्या भरवशावर अपुरी राहू शकते. दीड तासाच्या चित्रपटाला असा 'उद्या' नसतो. प्रेक्षागृहातील दिवे लागण्यापूर्वी त्याला हिशेब पुरा करावा लागतो. शिवाय सहकुटुंब चित्रपटाचा प्रेक्षक दुहेरी असतो. मुलाला या पात्राची ओळख नाही आणि तिकीट काढणाऱ्या पालकाला त्याची आठवण आहे. पालकाला आपले बालपण जसेच्या तसे हवे असते, म्हणून रेषा राखली गेली. मुलाला हसतमुखाने घरी न्यावयाचे असते, म्हणून शेवट बदलला. त्यात पालकाचीही एक जुनी इच्छा पुरी होते. खुद्द शुल्झ निवृत्तीच्या सुमारास एका मुलाखतीत, त्या पोराला चेंडू कधीच मारता आला नाही, या आठवणीने गहिवरले होते. निर्मात्याच्या मनातील ही कणव आणि त्याच्या कृतीतील कठोरपणा यांत अंतर होते. पुत्र-पौत्रांनी कणवेचा वारसा स्वीकारला. कलाकृतीचा वारसा कठोरपणात होता, असे माझे मत आहे.

मराठीतील दोन उदाहरणे या विवेचनाला जोडून पाहता येतील. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून दैनिकातील पट्टीत न वाढता वावरला. २०१२ मध्ये तो चित्रपटात आला तो जिवंत बालनटाच्या रूपाने. त्यामुळे रेषा राखण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. त्याच्या जागी एक प्रत्यक्ष, वाढत्या वयाचा मुलगा आला. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाची अडचण याहून निराळी. चिमणराव हा मुळात निवेदक आहे. आपल्या फजितीची हकीकत तो स्वतःच गंभीर चेहऱ्याने सांगतो. 'लग्न पहावे करून' (१९४०) या चित्रपटात किंवा पुढे मुंबई दूरदर्शनच्या मालिकेत तो दिसू लागला, तेव्हा तो सांगणारा न राहता पाहिला जाणारा झाला. तरीही मालिकेला एक फायदा होता. दर आठवड्याला नवी फजिती आणि मागची निकाली न निघालेली, हा मूळ कथांचाच घाट तिला आयता मिळाला. कथात्म आवर्तनाच्या दृष्टीने दीर्घ चित्रपटापेक्षा मालिका हे मूळ रूपाला जवळचे माध्यम ठरते, असे अनुमान यावरून काढता येते. मात्र ते अधिक उदाहरणांवर तपासून घेणे अगत्याचे आहे.

'द पीनट्स मूव्ही'मध्ये मुख्य कथानक संपून श्रेयनामावली सुरू झाल्यावर एक छोटा प्रसंग येतो. ल्यूसी चेंडू धरून बसली आहे, चार्ली ब्राऊन धावत येतो, ती चेंडू काढून घेते. चित्रपटाने आपल्या नायकाला जे यश दिले, त्याची येथे नोंदही नाही.