शेतातले पाहुणे आणि त्यांचा हिशेब

कार्तिक उतरणीला लागून खरिपाची खळी उरकली आणि रब्बीचे कोंब वर आले, की निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरच्या परिसरात पहाटे फिरणाऱ्यास एक दुर्मीळ लाभ घडतो. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील या जलाशयास १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये तो महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. परंतु पक्षी काही अभयारण्याची हद्द जाणत नाहीत. ते पाण्यावर विसावतात आणि चरावयास शेजारच्या शेतात उतरतात.

यांतील बगळे आपल्या ओळखीचे. निदान आपला तसा समज असतो. वस्तुतः सगळे बगळे एक नव्हेत. नांगरामागे वा गुरांच्या पायांशी घोटाळणारा आखूड पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी बोटे असलेला तो लहान बगळा. त्याहून कितीतरी उंच, लांब मानेचा, एकटाच ध्यानस्थ उभा राहणारा तो मोठा बगळा. खरे अप्रूप असते ते हंसांचे. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेट, मंगोलिया, लडाख या प्रदेशांतून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरील त्याच्या उड्डाणाची नोंद झालेली आहे. गुलाबी चोचीचा, पट्टे नसलेला करडा कलहंस आपल्याकडे त्याहूनही विरळ.

गेल्या हिवाळ्यात गाळपेराच्या बांधावर उभे राहून प्रस्तुत लेखक असेच हंस निरखीत होता. शेताचे वृद्ध मालक जवळ आले. "बाबा, केवढं भाग्य तुमचं!" असे मी म्हणताच ते शांतपणे उत्तरले, "सर, पाखरं देखणी खरी. पण हरभऱ्याचे कोंब खुडून नेतात, त्याचं काय?"

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला या प्रश्नाने निरुत्तर व्हावे लागले. गायबगळा नाकतोडे व किडे टिपतो. तो शेतकऱ्याचा बिनपगारी गडीच. हंस मात्र कोवळे पीक खातो. पाहण्याचा आनंद शहरातून आलेल्या आपणा सर्वांचा आणि खर्च एकट्या शेतकऱ्याचा, असा हा विषम व्यवहार आहे. बाजारात या आनंदाला भाव नाही, म्हणून तो फुकट आहे असे मानणे ही आपली सोयीस्कर चूक होय.

भाव लागला म्हणजे पक्ष्याचे भले होतेच, असेही नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांसाठी बगळ्यांच्या विणीच्या काळातील पिसांना सोन्याहून अधिक दर मिळू लागला आणि त्यांच्या वसाहतींची अमाप कत्तल झाली. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. ब्रिटनने आयातबंदीचा कायदा १९२१ मध्ये केला. तेथे बाजाराला आवर घालावा लागला. येथे बाजाराने न पाहिलेले नुकसान समाजाने पाहावयाचे आहे.

स्कॉटलंडमधील आयला बेटावर हिवाळी हंसांनी केलेल्या नुकसानीपोटी शेतकऱ्यांना सरकारी मोबदला देण्यात आला. तेथील वाद त्याने मिटला नाही हे खरे. परंतु पाहुण्यांचा खर्च एकट्या यजमानाने सोसू नये, हे तत्त्व मान्य झाले. आपल्याकडेही अभयारण्याच्या प्रवेशशुल्कातील काही वाटा लगतच्या शेतकऱ्यांकडे जावा, पक्षी दाखविण्याचे व पाहुण्यांच्या मुक्कामाचे काम त्यांच्याच मुलांना मिळावे, पंचनामा विनाविलंब व्हावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

ज्याच्या शेतात हंस उतरतो, त्यालाच तो नकोसा झाला, तर कायद्याची कलमे त्याला फार काळ राखू शकणार नाहीत. पुढल्या वेळी दुर्बीण घेऊन बांधावर जाताना आपण शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि त्याच्या हरभऱ्याची चौकशीही करावी. हिशेबाचा आरंभ तेथून होऊ शकेल.