मोटारीचा मक्ता

सालगड्याचा सौदा कसा होतो, हे नायगावच्या मंडळींना सांगावयास नको. गुढीपाडव्याला साल ठरते. वर्षाचा आकडा किती, उचल किती, धान्य किती, कपडालत्ता कोणाचा, मध्येच काम सोडले तर उचलीचे काय, या एकेका गोष्टीवर बोलणे होते. परंतु तोच व्यवहारी माणूस नांदेडला मोटारीच्या शोरूममध्ये गेला, की एकच प्रश्न विचारतो : "महिन्याला किती पडेल?" आमचे आयुष्य मजुरीचे करार करण्यात गेले. त्या अनुभवावरून आम्ही सांगतो, की जो केवळ महिन्याच्या आकड्यावर बोलतो, तो हिशेबाची वही समोरच्याच्या हाती देऊन बसतो.

मोटार घेण्याच्या आजवर दोन रीती आपल्याला ठाऊक होत्या. रोखीने आणि कर्जाच्या हप्त्याने. तिसरी रीत भाडेपट्ट्याची, म्हणजे लीजची. मारुती सुझुकीने २०२० मध्ये काही मोठ्या शहरांत अशी योजना सुरू केली. इतर कंपन्याही या धंद्यात आहेत. ही रीत समजण्यास अवघड नाही. ती मक्त्याच्या शेतासारखी आहे. जमीन मालकाची, कसणे आपले. मुदत संपली की शेत मालकाकडे परत. येथेही मोटार कंपनीची, वापर आपला, आणि मुदतीनंतर मोटार परत. तीन वर्षे भाडे भरून मोटार आपली होईल, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

आता हे भाडे ठरते कसे, ते पाहू. समजा, मोटारीची किंमत ८ लाख रुपये आहे आणि तीन वर्षांनी तिची किंमत ४ लाख राहील असे कंपनीने धरले आहे. म्हणजे घसारा ४ लाखांचा. तो ३६ महिन्यांत वाटला, तर महिन्याला सुमारे ११,१११ रुपये होतात. शिवाय कंपनीचा पैसा गुंतून राहतो, त्याचे व्याज. आरंभीचे ८ लाख आणि शेवटचे ४ लाख यांची सरासरी ६ लाख. त्यावर वर्षाला १२ टक्के धरले, तर महिन्याला ६,००० रुपये. दोन्ही मिळून १७,१११ रुपये, आणि वर जीएसटी. विमा व देखभाल भाड्यात धरली असेल, तर तिचा आकडा आणखी वेगळा.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भाड्याच्या पोटात मोटारीची किंमत, धरलेला घसारा आणि व्याज असे तीन आकडे दडलेले असतात. घासाघीस करावयाची ती या तिन्हींवर. वरील उदाहरणात मोटारीच्या किमतीत ४०,००० रुपये सूट मिळविली, तर भाडे १७,१११ वरून १५,८०० वर येते. तीन वर्षांत सुमारे ४७,००० रुपये वाचतात. "भाडेपट्ट्यात किमतीवर बोलता येत नाही" असे कोणी म्हटले, तर "मग भाडे कोणत्या आकड्यावरून काढलेत?" असे शांतपणे विचारावे. कर उतरला म्हणून उतरलेली किंमत मात्र सूट समजू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ती काही विक्रेत्याची मेहेरबानी नव्हे.

आपल्या भागासाठी किलोमीटरचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. भाडेपट्ट्यात वर्षाला अमुक किलोमीटर अशी मर्यादा असते आणि त्यावर प्रत्येक किलोमीटरला दंड असतो. नायगावहून नोकरीसाठी रोज नांदेडला जाऊन-येऊन करणाऱ्याचे दिवसाला शंभराच्या आसपास किलोमीटर होतात. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले, तर २५,००० झाले. मर्यादा १२,००० ची आणि दंड ५ रुपयांचा असेल, तर वर्षाला ६५,००० रुपये जास्तीचे भरावे लागतील! शहरातल्या माणसाला स्वस्त पडणारा करार आपल्याला असा महाग पडतो. म्हणून आपला प्रवास आधी मोजावा आणि मर्यादा सहीपूर्वी वाढवून घ्यावी.

दुसरे कलम मुदतीपूर्वी मोटार परत करण्याचे. बदली झाली, नोकरी गेली, तर किती भरावे लागेल? तिसरे कलम ओरखडे व झीज यांचे. परत करताना कोणती झीज साधारण मानणार आणि ती कोण ठरविणार? ही उत्तरे तोंडी घेऊ नयेत.

भाडेपट्ट्याशी कर्जाची तुलना करणेही अगत्याचे आहे. पण तेथेही महिन्याचा आकडा फसवा असतो. सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १२,६०० रुपये येतो. मुदत सात वर्षे केली, की तो ९,८०६ वर उतरतो आणि घेणारा खूश होतो. परंतु एकंदर भरणा ६७,००० रुपयांहून अधिक वाढलेला असतो. तसेच "फक्त सात टक्के फ्लॅट" म्हणजे संपूर्ण मुद्दलावर अखेरपर्यंत व्याज. पाच वर्षांच्या मुदतीत त्याचा खरा दर, घटत्या शिल्लकेवर मोजला, तर सुमारे साडेबारा टक्के भरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जदाराला खरा वार्षिक दर व सर्व खर्च दाखविणारे पत्रक देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे. भाडेपट्टा हे कर्ज नव्हे. म्हणून तेथे असाच तपशील आपणच कागदावर लिहून मागावा.

कागदाचा एवढा आग्रह कशासाठी? हप्त्याने वस्तू घेणाऱ्याच्या रक्षणासाठी संसदेने १९७२ मध्ये हायर-परचेस कायदा मंजूर केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. पुढे २००७ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी गुंड धाडण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. परंतु न्यायालयाचे दार ठोठावेपर्यंत गाडी यार्डात पडून राहते आणि गाडीवर पोट असणाऱ्याची चूल विझते. आमच्याकडे आलेल्या एका काळी-पिवळी चालकाला आपला हप्ता तोंडपाठ होता. एकंदर किती फेडावयाचे आहे, ते मात्र त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तीन हप्ते थकले आणि गाडी गेली. सहीपूर्वीचा अर्धा तास हाच गरजवंताचा खरा कायदा.

तेव्हा रीत अशी ठेवावी. नांदेड व लातूर येथील किमान दोन ठिकाणांहून एकाच मॉडेलचे, एकाच मुदतीचे, एकाच किलोमीटर मर्यादेचे लेखी दर मागवावेत. आपल्याला महिन्याला किती झेपते, हे आरंभी सांगू नये. जुनी मोटार द्यावयाची असेल, तर तिचा सौदा निराळा करावा. विमा त्यांच्याकडूनच घेण्याची सक्ती मानू नये. बाहेरचा दर विचारावा. आणि त्याच दिवशी सही करू नये. "ही सवलत आजच्यापुरतीच" हे वाक्य कारखान्याच्या व्यवस्थापनाकडूनही आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. दुसऱ्या दिवशी बहुधा तीच सवलत टेबलावर असते.

शेवटची गोष्ट आमच्या धंद्याची. ऊसतोडणी कामगारांना जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ मिळाली, ती एकेकट्याने मुकादमापुढे हात जोडून नव्हे, तर संघटनांनी कोयता खाली ठेवण्याची तयारी दाखवून. मोटारीचा सौदाही याला अपवाद नाही. एका शाळेतले सहा शिक्षक, एका कचेरीतले आठ कारकून एकत्र गेले, तर विक्रेत्याला आठ गिऱ्हाइके एकदम मिळतात किंवा एकदम जातात. अशा वेळी किंमत, किलोमीटर आणि परतीची अट या तिन्हींवर तो बसून बोलतो. उठून जाण्याची तयारी एकट्याला जड जाते, चौघांत ती सोपी होते. आणि ज्याला उठून जाता येते, त्यालाच सौदा करता येतो.