हौशी गळांचाही हिशेब हवा

न्यूझीलंडमध्ये समुद्रात हौसेने मासे धरायला परवाना लागत नाही. त्यामुळे किती गळ कुठे पडतात, याची आयती नोंद नसते. म्हणून ऑकलंडलगतच्या हौराकी आखातात पाहणीच्या काळात विमानातून बोटी मोजतात आणि धक्क्यावर परतणाऱ्यांची मासळी तपासतात. विमानाला त्या घटकेच्याच बोटी दिसतात, हा आक्षेप खरा. पण धक्क्यावरच्या मुलाखतींतून मासेमारीचे तास कळतात आणि ती उणीव बरीचशी भरून निघते. आपल्या मासेमारीच्या खास जागा उघड होतील, ही हौशींची भीतीही रास्त आहे. त्यासाठी या बोटींचा नकाशा मोठ्या चौकटींतच छापावा. २०१४ मध्ये या आखातात स्नॅपर माशाची माणशी दैनंदिन मर्यादा ९ वरून ७ वर आली. असे निर्बंध अंदाजावर नव्हे, मोजणीवर उभे असले, तरच ते न्याय्य ठरतात.