साडेदहा पौंडांची होडी

न्यूयॉर्क राज्यातल्या ब्लू माउंटन लेक इथल्या संग्रहालयात ‘सेअरी गँप’ ही होडी ठेवली आहे. लांबी ९ फूट, रुंदी २६ इंच, खोली जेमतेम ६ इंच. सीडरच्या पातळ फळ्या एकीवर एक चढवलेल्या, पण कडा तासून इतक्या निमुळत्या केलेल्या की सांधा चटकन दिसत नाही. आतून एल्मच्या बारीक बरगड्या दाटीने बसवल्या आहेत. मोजक्या जाड बरगड्यांपेक्षा अशा पुष्कळ नाजूक बरगड्यांवर भार वाटला जातो आणि लाकूडही कमी लागतं. एवढ्या होडीचं वजन साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलो!

ती बांधली कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन यांनी, १८८३ साली. मागणी होती जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स यांची.

सीअर्स पेशाने चांभार, अंगाने किडकिडीत, छातीच्या दुखण्याने खंगलेले. ‘नेसमुक’ या नावाने ते ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ साप्ताहिकात लिहीत. न्यूयॉर्क राज्यातल्याच अ‍ॅडिरोंडॅकच्या रानात एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर मधल्या वाटेवर होडी खांद्यावर घ्यावी लागते. श्रीमंत प्रवासी त्यासाठी वाटाड्या ठेवत. सीअर्सना ते परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांना स्वतःला पेलेल अशी होडी हवी होती. १८८० साली रश्टननी त्यांना सुमारे आठ किलोंची होडी दिली. सीअर्सना आणखी हलकी हवी होती. याहून हलकी होडी टिकेल का, अशी शंका असूनही रश्टननी सेअरी गँप बांधायला घेतली.

१८८३च्याच उन्हाळ्यात ६१ वर्षांचे सीअर्स तिच्यातून एकटेच निघाले. तळाशी बसून, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं मारत त्यांनी २६६ मैलांची सफर पुरी केली. त्यांची प्रवासपत्रं वाचून साधी माणसंही वाटाड्याशिवाय रानातल्या पाण्यावर उतरू लागली.

रश्टन १९०६ साली गेले. १९९० मध्ये ख्रिस्टीन जेरोम यांनी केव्हलारच्या हलक्या होडीतून सीअर्सचीच वाट धरली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. पीट हॉर्नबेक यांनी सेअरी गँपवरून स्फूर्ती घेऊन एकट्याला उचलता येतील अशा होड्या अनेक वर्षं बांधल्या.

या सफरींवर नाव सीअर्सचं लागलं. पण शंका बाजूला ठेवून ते लाकूड तासणाऱ्या रश्टनचा वाटा त्यात बरोबरीचा आहे.