कबिनीकाठचे हत्ती : सफारीत काय पाहावे?

कर्नाटकातील नागरहोळे राष्ट्रीय उद्यानात रानहत्ती पाहायचे असतील, तर मार्च ते मे हा काळ चांगला. या दिवसांत कबिनी जलाशयाच्या काठावर हत्तींचे कळप मोठ्या संख्येने दिसतात. असे का होते, ते पाहू.

पाणी आणि चारा
मैसूरु जिल्ह्यातील कबिनी धरण १९७४ मध्ये पूर्ण झाले. जलाशयाच्या एका बाजूला नागरहोळे, तर दुसऱ्या बाजूला बंदीपूरचे जंगल आहे. पावसाळ्यात साठलेले पाणी पुढे वापरले जाते आणि उन्हाळ्यात पातळी खाली जाते. उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीवर कोवळे गवत उगवते. त्याच वेळी आतल्या जंगलातले पाणवठे आटू लागतात. मोठ्या हत्तीला दिवसाला सुमारे १५० किलो चारा व १०० लिटरहून अधिक पाणी लागते. काठावर दोन्ही एकत्र मिळते, म्हणून कळप इथे येतात.

कान का हलतात?
एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली, तर पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. म्हणजे शरीर जितके मोठे, तितकी उष्णता बाहेर टाकायला त्वचा तुलनेने कमी पडते. त्यातच हत्तीला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याचे कान पातळ असून त्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. कान हलले की रक्त थंड होते. गाडीतल्या रेडिएटरचे तत्त्व हेच.

धोका ओळखणे
सावकाश हलणारे कान आणि चालू असलेले चरणे ही शांतपणाची खूण. पण हत्ती चरायचा थांबला, तुमच्याकडे तोंड करून कान पसरून स्थिर उभा राहिला, तर तो इशारा समजावा. कळपाचे नेतृत्व अनुभवी मादी करते आणि पिल्ले मध्ये ठेवली जातात. कळप आणि पाणी यांच्या मध्ये जीप आली, तर मादी पिल्लासाठी अंगावर येऊ शकते. नराच्या डोळा व कान यांमधून काळसर स्राव ओघळत असेल, तर तो माजावर आहे. त्याच्यापासून अधिक दूर राहावे. फोटोसाठी ‘अजून थोडे पुढे घ्या’ असा आग्रह चालकाला कधीही करू नये. खाली उतरू नये, आवाज करू नये.

सराव
एकाच हत्तीचे कान एका मिनिटात किती वेळा हलतात, ते सकाळच्या आणि दुपारच्या फेरीत मोजा. फरक आढळला, तर त्याचे कारण वरील नियमाच्या आधारे लिहा.