शनिवार तेली आणि त्यांचे शिपाई

शास्त्रकारांनी कर्मांचे नित्य व नैमित्तिक असे भेद केले आहेत, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. प्रतिदिनी जे करावयाचे ते नित्य आणि काही निमित्त घडले म्हणजे जे करावयाचे ते नैमित्तिक. संध्या ही नित्य, ग्रहणातील स्नान हे नैमित्तिक. शस्त्र धरणे हे सामान्य गृहस्थास नैमित्तिकच असावयाचे. शत्रू चालून आला म्हणजे तलवार उचलावी, तो परतला म्हणजे ती खुंटीस टांगून पुन्हा नांगरास हात घालावा. परंतु एखाद्या समाजावर असा काळ येतो की, हे नैमित्तिक कर्मच नित्य होऊन बसते. तसे झाले असता घरातील जुन्या नित्यकर्माचे काय होते, हा प्रश्न यहुदी लोकांच्या इतिहासाने जगापुढे मांडला आहे. तो अभ्यासण्यास समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. आमच्या कोकणात, आणि काही अंशी आमच्या इगतपुरीतही, तो पाहावयास मिळतो.

इगतपुरी हे थळ घाटाच्या माथ्यावरील गाव. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६५ साली येथवर चढून आला. कसाऱ्यापासूनचा चढ सदतिसास एक असा खडा असल्यामुळे गाड्यांस मागून जादा इंजिने लावून त्या वर ढकलाव्या लागतात. नाशिकच्या वाटेवर पुढे देवळालीची छावणी व तोफखान्याची शाळा असल्याने रजेवर निघालेला जवान हे आमच्या फलाटावरचे नित्याचेच दृश्य होय. १९७६ साली सत्यनारायण गोयंका यांनी गावालगतच्या टेकडीवर धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र स्थापन केले, तेव्हापासून देशोदेशींचे साधक दहा दिवसांचे मौन पाळण्यास येथे येऊ लागले. १९९२ च्या जानेवारीत भारत व इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जडले आणि त्यानंतर या साधकांत इस्रायली तरुणांची भर पडली. त्या देशात बहुतेक यहुदी मुलांस अडीच-तीन वर्षे व मुलींस सुमारे दोन वर्षे सैन्यात काढावी लागतात. सेवा संपली की पाठीवर पडशी टाकून दूरदेशी हिंडावयाचे, असा तेथील तरुणांत प्रघातच पडला आहे. त्यांतील कित्येक गोकर्ण, गोवे, हिमाचल पाहून वाटेत येथेही उतरतात.

अशीच एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी एकदा गाडीची वाट पाहात आमच्याशेजारी बाकावर बसली होती. आम्ही शिक्षकी पेशाचे; विचारपूस करण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. तुला आमच्या देशात विशेष काय वाटले, असे आम्ही विचारले. एखाद्या देवळाचे वा डोंगराचे नाव घेईल अशी आमची अपेक्षा. ती म्हणाली, "सर, तुमच्या बाजारातल्या दुकानात शिरताना माझी पिशवी कुणी उघडून पाहिली नाही." तिच्या गावी दुकानाच्या, नाटकगृहाच्या, आगगाडीच्या स्थानकाच्या दारात पहारेकरी असतो व तो पिशवी तपासतो. रजेवर घरी निघालेले शिपाई बंदूक खांद्यास लावूनच प्रवास करतात. शुक्रवारी दुपारी सगळ्या गाड्या अशा शिपायांनी भरून जातात, कारण सूर्यास्तापूर्वी, आईने शब्बाथचे दिवे लावण्याच्या आत, त्यांस घर गाठावयाचे असते. दिवे आणि बंदूक एकाच उंबरठ्याच्या आत! हे ऐकून आम्हांस आमच्या कोकणातील यहुद्यांचे स्मरण झाले व त्यांची जुनी ठिकाणे पाहून यावीत असे मनाने घेतले.

अलिबागजवळ नवगाव म्हणून समुद्रकाठचे खेडे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे एक गलबत फुटले, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि समुद्राने परत दिलेली प्रेते त्यांनी तेथेच पुरली, अशी बेने इस्रायल, म्हणजे 'इस्रायलची लेकरे', या समाजाची परंपरा आहे. या कथेच्या काळाविषयी इतिहासकारांत मतभेद असले, तरी पुढील वृत्तान्त निर्विवाद आहे. हे लोक कोकणात रुजले, मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, राजपुरीचे ते राजपूरकर, पेणचे ते पेणकर. स्त्रिया लुगडी नेसत, विवाहात मंगळसूत्र बांधले जाई, आणि नवस फेडताना प्रेषित एलियाच्या नावे पोहे, गूळ व खोबरे यांचा मलिदा होई. आजही होतो. धर्मग्रंथ मात्र गलबताबरोबर गेले होते, आणि हिब्रू भाषाही कालांतराने विस्मृत झाली.

मग उरले काय? उरला नित्यनेम. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत घाणा फिरावयाचा नाही. यामुळे शेजाऱ्यांनी त्यांस 'शनिवार तेली' हे नाव दिले. आठव्या दिवशी मुलाची सुंता, 'शमा' नावाची एक प्रार्थना, आणि स्वयंपाकघरातील काही विधिनिषेध, एवढीच काय ती शिदोरी. पुढे दावीद रहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. हे आपलेच बांधव काय, याची परीक्षा घेण्यासाठी त्याने तऱ्हेतऱ्हेची मासळी आणून घरच्या स्त्रियांपुढे रांधावयास ठेविली. त्यांनी पर व खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले व उरलेले आम्ही खात नाही म्हणून बाजूस सारले. यहुदी धर्मशास्त्राचा नेम हाच. रहाबीची खात्री पटली, असे त्यांच्यांत सांगतात. ही कथा आम्हांस फार मननीय वाटते. पुरुषांची पोथी बुडाली होती. धर्माची साक्ष दिली ती चुलीपुढच्या बायकांनी.

अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या मुंबईच्या पलटणींत हे लोक भरती होऊ लागले, आणि तेल्याच्या घरांतून सुभेदार व सुभेदार-मेजर निघाले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकियल दिवेकर यांचे. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात (१७८०–८४) ते टिपूच्या कैदेत पडले. कैद्यांस जात विचारली असता त्यांनी 'बेने इस्रायल' असे सांगितले. तेव्हा टिपूच्या मातोश्रींनी, कुराणात ज्यांचे नाव वाचले ते लोक प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते, यांस जीवदान द्यावे, असा आग्रह धरला, अशी आख्यायिका आहे. सुटून आल्यावर सामाजींनी तोरण वा जयस्तंभ उभारला नाही. १७९६ साली मुंबईत त्यांनी आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे हिब्रू नाव 'दयेचे द्वार' अशा अर्थाचे आहे. लोक त्यास 'जुनी मशीद' म्हणतात, आणि जवळच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पुण्यातील १८६७ च्या यहुदी प्रार्थनामंदिरास पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात. एकाच धर्माच्या घरास एका शहराने मशीद म्हणावे व दुसऱ्याने देऊळ म्हणावे, आणि कोणासही त्याचे वैषम्य वाटू नये, यातच आमच्या मुलुखाचे शील आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पलटणींची रचना जातवार झाली. ज्यांची स्वतंत्र तुकडी होण्याइतकी संख्या नव्हती, त्यांची बढती त्यामुळे खुंटली. बेने इस्रायल सैन्यातून कचेऱ्यांत, रेल्वेत, शाळांत व इस्पितळांत शिरले. याच काळात त्यांनी आपला धर्म मराठीत आणला. वल्हांडण सणाच्या कथेचे मराठी भाषांतर १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापले गेले. जोसेफ इझिकियल राजपूरकर यांनी हिब्रू ग्रंथ मराठीत उतरविले. १८८० च्या सुमारास आमच्या हरिदासांचे पाहून त्यांनी कीर्तनेही रचिली, आणि अब्राहाम व योसेफ यांची आख्याने साक्या-दिंड्यांच्या चालींवर रंगू लागली. डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. शिपाईबाणाही लोपला नाही. व्हाइस अ‍ॅडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन हे याच समाजाचे; खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुख होते. प्रसिद्ध नर्तिका लीला सॅमसन या त्यांच्या कन्या होत.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. तेव्हा सुमारे वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज पुढील काही दशकांत बहुतांशी तिकडे गेला. येथे कोणी छळले म्हणून ते गेले नाहीत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पूर्वजांच्या भूमीची ओढ व नव्या पिढीच्या पोटापाण्याची विवंचना त्यांस घेऊन गेली. तिकडेही प्रारंभी त्यांच्या यहुदीपणाविषयी धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली. त्यासाठी त्यांस आंदोलन करावे लागले, आणि १९६४ साली ते सर्वार्थाने यहुदी होत असा निर्वाळा मिळाला. जी परीक्षा त्यांच्या आज्या कोकणातील चुलीपुढे उत्तीर्ण झाल्या होत्या, तीच नातवंडांस पुन्हा द्यावी लागली! आज लोद, अश्दोद, दिमोना येथील मराठी घरांत चिकाचा हलवा होतो, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तेथे निघाले. आणि त्याच घरांतील मुलगा व मुलगी अठरावे वर्ष लागताच सैन्यात जातात.

इकडे मागे राहिल्या त्या वास्तू. यहुदी धर्मात सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. अलिबागच्या इस्रायल आळीत, रेवदंड्यास, पनवेलीस मंदिरे आहेत, दिवे आहेत. दहा माणसे जमविताना मात्र मोजदाद करावी लागते. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईतील नरिमन हाऊसवर झालेल्या हल्ल्यात तेथील तरुण धर्मगुरू व त्यांची पत्नी मारली गेली. त्यांच्या दोन वर्षांच्या बालकास एका भारतीय दाईने कडेवर घेऊन बाहेर काढले. तेव्हापासून मुंबईतील यहुदी मंदिरांच्या दारांत पोलिसांचा पहारा असतो. शिपायाने नवस फेडण्यासाठी ज्या परंपरेचा पाया घातला, तिच्या दारात आता शिपाई उभा आहे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुद्यांस अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली. पण दहावा माणूस सरकारी हुकुमाने येत नाही.

शस्त्राची आवश्यकता नाकारण्याइतके आम्ही भाबडे नाही. ज्यांचे साठ लक्ष बांधव युरोपात निःशस्त्र मारले गेले, त्यांस शस्त्र टाका असा उपदेश घाटमाथ्यावर सुखात बसून करणे शोभत नाही. परंतु तिकडे एका घराचे रक्षण हे शेजारच्या घराचे भय होऊन बसले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात आरंभलेल्या युद्धात दोन्हीकडील किती आयांची घरे रिकामी झाली, हे जगाने पाहिले. बंदूक घराचे दार राखील; आत काय राखावयाचे हे ती सांगू शकत नाही. ते सांगितले शुक्रवारच्या दिव्याने, थांबलेल्या घाण्याने, आणि मासळी निवडणाऱ्या हातांनी. पोथी, भाषा व राज्य यांपैकी एकही जवळ नसता बेने इस्रायल शतकानुशतके टिकले ते याच बळावर.

आमच्या वाचकांच्या घरी पोथ्या आहेत, भाषा आहे, राज्यही आपले आहे. मुले मात्र पुणे-मुंबईस, आणि त्याहूनही दूर अमेरिकेस गेली आहेत. वाड्यांत दहा माणसे जमावयाची ती लग्नकार्यास. सण-समारंभ आपण थाटाने करतो, पण ते नैमित्तिक होत. देवघरातील सांजवात कोण लावतो, तिन्हीसांजेस मुलांकडून परवचा कोण म्हणवून घेतो, परदेशी वाढणाऱ्या नातवाशी आजी कोणत्या भाषेत बोलते, हे नित्य होय. गलबत फुटलेच, तर यांपैकी काय पोहून किनाऱ्यास लागेल, याचा विचार प्रत्येक घराने आपापल्या देवघरात व स्वयंपाकघरात करावा, एवढेच आमचे सांगणे आहे.